गाण्यात भेव आणायचं कसं, तेही कवटी न वापरता

पाचसहा वर्षं झाली असतील, आमच्या गावच्या दुर्गा मंडळात मी माझं पहिलं डार्क गाणं म्हटलं. तेव्हा नवीन नवीन हेवी मेटल ऐकायला लागलो होतो, रात्री तुरीत जागलीला जायचं, माळ्यावर बसायचं, कानात हेडफोन अन् डोक्यात सारे किल्ले-कवट्या-कावळे. त्या गाण्यात बर्फाचा डोंगर होता, डोंगरावर पडका महाल होता, महालात एक बाई रडत होती. गाणं संपलं, पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या, अन् पुढच्या सतरंजीवरून आमची आजी मोठ्यानं बोलली, "बाप्पा, बर्फ कुठी पाह्यला रे तुनं? गोल्याच्या गाडीवर?" सारा मांडव हसला. भेव कोणालाच वाटलं नाही.

आता माझा भाचा गाणी लिहून राह्यला अन् त्याची वही पाहिली तर तेच. काळी रात्र, रक्ताचा पूर, कवटीतून धूर, सैतान दूर. यमक बरोबर जुळतं, त्यात वाद नाही. म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढतो, म्हणजे त्याच्यासारख्या बाकी पोट्ट्यांनाही कामी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे जी गाणी ऐकून आपल्या अंगावर काटा येतो ती काही हवेतून आलेली नाहीत, त्यांच्या मागं कोणतं तरी पुस्तक असते नाहीतर सिनेमा असते. पण त्या गाणेवाल्यांनी पुस्तकातलं सामान उचललं नाही, पाहायची तऱ्हा उचलली. आपण उलटं करतो, सामान उचलतो अन् तऱ्हा तिथंच सोडून येतो. बर्फ माझ्या गाण्यात आला तो असाच.

इंग्लंडची केट बुश घ्या. १९७८ ला तिचं वुदरिंग हाइट्स नावाचं गाणं आलं, नाव एमिली ब्राँटेच्या १८४७ च्या कादंबरीचंच. पण गाणं सुचलं तेव्हा तिनं कादंबरी वाचलेलीच नव्हती, टीव्हीवर त्या गोष्टीच्या मालिकेचा फक्त शेवट पाहिला होता, पुस्तक मग वाचलं. वय होतं अठरा. मेलेली बाई खिडकीबाहेर उभी राहून थंडी वाजते, आत घे म्हणते, एवढा एकच प्रसंग तिनं धरला. सगळ्यात मोठी हुशारी म्हणजे गाणं त्या भुताच्याच तोंडी दिलं. भूत पाहून कोणी घाबरतंय असं तिच्यात नाही, भूतच बोलतंय अन् बिचाऱ्याला थंडी वाजून राह्यली. ऐकणाऱ्याला दया येते, अन् दया येता येता लक्षात येते की आपण खिडकी उघडायला निघालो होतो. तर भाच्यासाठी पहिलं काम हेच, की पूर्ण सिनेमा गाण्यात कोंबायचा नाही, एक प्रसंग घ्यायचा, अन् कोण बोलतंय ते पहिले ठरवायचं. निम्मं गाणं तिथंच लिहून होते.

मेटॅलिका या बँडचं 'वन' (One) हे १९८८ चं गाणं, हे दुसरं उदाहरण. मागं डाल्टन ट्रम्बोची १९३९ ची कादंबरी आहे, पहिल्या महायुद्धातला शिपाई, हात गेले पाय गेले, डोळे कान तोंड सगळं गेलं, पण डोकं चालू आहे. ट्रम्बोनं स्वतः १९७१ मध्ये त्याच्यावर सिनेमा काढला अन् त्याच सिनेमाचे तुकडे बँडनं आपल्या व्हिडिओत घातले. गाण्यात युद्धाचं मैदान जवळपास नाहीच. सगळं त्या माणसाच्या डोक्याच्या आतून. बाहेरचं जग एकेक करून बंद होत जाते, हीच भीती. तोफा-बंदुका लिहिल्या असत्या तर ते गाणं शाळेच्या गॅदरिंगमधलं वाटलं असतं.

ब्लॅक सॅबथ या बँडचं नाव तर सिनेमावरूनच पडलं, १९६३ चा त्याच नावाचा भुताचा पिक्चर. लोक घाबरायसाठी पैसे देऊन रांग लावतात हे त्यांनी पाहिलं अन् म्हटलं मग आपण घाबरवणारी गाणी काऊन नाही करायची. हिशेब एकदम दुकानदारासारखा, पण बरोबर निघाला.

बरं आता म्हणाल हे सगळं साहेबांचं झालं. तर आपल्याकडे या.

१९४९ चा महल. कमाल अमरोहींचा पहिला पिक्चर, जुनी हवेली, अन् ते आयेगा आनेवाला. नक्शब यांचे शब्द, खेमचंद प्रकाश यांचं संगीत. हे गाणं हेडफोन लावून रात्री ऐका, अन् सुरुवातीलाच लक्ष द्या, आवाज लांबून येतो अन् हळूहळू जवळ येतो. तेव्हा आजच्यासारखी सोय नव्हती, लताबाई माईकपासून लांब उभ्या राहून गात गात चालत जवळ आल्या. म्हणजे कॅमेरा जे काम करतो ते त्यांच्या पायांनी केलं. शब्द पाहा, येणारा येईल. कोण येईल? सांगितलंच नाही. भूत हा शब्द नाही, मरण हा शब्द नाही, साधं कोणीतरी येणार आहे एवढंच. हेच वाक्य बसस्टँडवर कोणी बोललं तर काही वाटणार नाही, अन् बंद हवेलीत रात्री ऐकलं की पाणी होते माणसाचं. अन् एक गंमत, पहिल्या रेकॉर्डवर गाणारीचं नाव लता मंगेशकर नव्हतंच, सिनेमातल्या पात्राचं नाव कामिनी असं छापलं होतं. भूतच गायलं म्हणा ना.

मला याच्याहून जास्त शिकवलं ते बीस साल बाद नं, १९६२. तो आर्थर कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्सच्या कुत्र्यावाल्या कादंबरीवरून घेतलेला आहे, ती १९०२ ची. तिकडं इंग्लंडमधलं ओसाड माळरान, दलदल, घराण्याचा शाप अन् रात्री भुंकणारं राक्षसी कुत्रं. इकडं दलदल राहिली, घराणं राहिलं, शाप राहिला, पण कुत्र्याच्या भुंकण्याच्या जागी रात्री बाईचं गाणं ऐकू येते. कहीं दीप जले कहीं दिल, शकील बदायुनी यांचे शब्द. काऊन बदललं असेल? मला वाटते, की कुत्रं तर आपल्याकडं रात्रभर भुंकतच असते, त्याला कोण घाबरते? पण रानात रात्री बाई गात असेल तर आमच्या गावातला पैलवानही बंडी वळवून घरी येईल. उचलणं म्हणतात ते याला. गोष्टीचा सांगाडा साहेबाचा, भेव आपलं.

उचलण्यावरून आठवलं, जर्मनीत १९२२ ला मुर्नाऊनं नोस्फेराटू नावाचा पिशाच्चाचा पिक्चर काढला तेव्हा ब्रॅम स्टोकरच्या ड्रॅक्युलावरून सरळ हात मारला होता, नुसती नावं बदलली. स्टोकरची बायको कोर्टात गेली अन् कोर्टानं सगळ्या प्रिंटी नष्ट करायला लावल्या. काही वाचल्या म्हणून आज आपण पाहतो. तर कोणाची ओळच्या ओळ घेऊन आपल्या नावावर खपवू नका रे बाबांनो. पण पिक्चर जरूर पाहा, मोबाईलवर का होईना. त्याच्यात तो पिशाच्च जिना चढतो तेव्हा माणूस दिसतच नाही, भिंतीवर फक्त सावली चढते, लांब बोटांची. आता हेच गाण्यात करायचं असेल तर? 'राक्षस आला' नाही लिहायचं. कंदील कुठं ठेवला होता ते लिहायचं अन् भिंतीवर काय हललं ते लिहायचं.

याची शिकवणी आम्हाला तर २०१८ मध्ये फुकटात मिळाली. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात ती टी-वन वाघीण होती, तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर सांगितले जायचे, नोव्हेंबरमध्ये तिला मारलं. माझी मावशी तिकडं दिलेली आहे. तिनं वाघीण एकदाही पाहिली नाही. पण त्या वर्षी ती फोनवर काय सांगायची? बाया आता वावरात एकेकट्या जात नाहीत. गुरं उन्हं उतरायच्या आतच कोठ्यात. कापूस फुटला पण वेचायला कोणी तयार नाही, पांढरं वावर तसंच उभं. एवढं सांगितलं की झालं, वाघीण दाखवायची गरजच नाही. पांढरं फुटलेलं वावर अन् त्यात कोणीच नाही, याहून डार्क इमेज मला तरी आजवर सुचली नाही.

अन् दरवेळी रात्रच पाहिजे असंही नाही. तुंबाड पिक्चरमध्ये पाऊस थांबतच नाही अन् त्या पावसाचंच भेव वाटते, ते तिकडं शोभते. आमच्याकडं मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो, दुपारी बारा वाजता गल्लीत कुत्रंही नसते, अन् मोठी माणसं सांगतात बारा वाजता पिंपळाखालून जाऊ नको. आमचं भूत दुपारचं आहे राजेहो! उन्हात सावली पायाखाली गोळा होते तेव्हाचं. हे कोणत्या इंग्रजी गाण्यात सापडणार?

पुस्तकांचं म्हणाल तर लय लांब जायची गरज नाही. नाथांची भारुडं काढा. विंचू चावला, तर तो विंचू काम-क्रोधाचा. भूत लागलं, तर ते भूत म्हणजे देव! सोळाव्या शतकात माणसानं देवाला भूत म्हटलं अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या, अन् आपण सैतान-सैतान लिहून स्वतःला बंडखोर समजतो. तुकोबा म्हणतात मी माझं मरण माझ्या डोळ्यानं पाहिलं, अन् त्याला सोहळा म्हणतात. मग आमच्या अमरावतीचे सुरेश भट येतात अन् त्यांच्या गझलेत माणूस थेट सरणावरून बोलतो, की मरणानं सुटका केली, छळलं ते जगण्यानं. एकानं दुसऱ्याचं घेतलं असं मी म्हणत नाही, पण बोलणारा माणूस कुठं उभा आहे ते पाहा. केट बुशच्या खिडकीबाहेरच्या बाईचीच जागा. मेलेल्याला बोलू द्यायचं. भटांचंच उषःकाल होता होता, सिंहासन पिक्चरमधलं, १९७९ चं, तिथं भूत-बीत काहीच नाही, राजकारण आहे, पण पहाट होता होता काळरात्र होते. उजेडाची वाट पाहायला लावून अंधार द्यायचा, नुसता अंधार द्यायचा नाही.

अन् नागपूरचे ग्रेस. खरं नाव माणिक गोडघाटे, अन् ग्रेस हे नाव त्यांनी घेतलं ते इन्ग्रिड बर्गमनच्या एका सिनेमावरून. म्हणजे आपल्या विदर्भातला सगळ्यात गूढ कवी सिनेमातून नाव उचलतो, अन् तुम्ही म्हणता गावात बसून असं लिहिता येत नाही. भय इथले संपत नाही ऐका लताबाईंच्या आवाजात, भय पहिल्याच शब्दात सांगून टाकलंय, लपवलेलं नाही, पण कशाचं भय ते शेवटपर्यंत कळत नाही. ग्रेसचे सगळे अर्थ मला लागत नाहीत, खोटं कशाला बोलू. ते गाणं मात्र संध्याकाळी ओलिताला मोटर चालू करायला जातो तेव्हा आपोआप तोंडात येते.

एक गोष्ट पोट्टे विसरतात, ती म्हणजे भुलाबाईची गाणी. कारल्याचा वेल आठवा. सून माहेरी जाऊ का विचारते, सासू म्हणते कारल्याचं बी पेर मग जा. पेरलं. आता वेल येऊ दे मग जा. आला. फूल, मग कारलं, मग भाजी, अन् सून तिथंच. लहानपणी खिरापतीच्या नादात आपण टाळ्या वाजवत ते म्हटलं. आता शांतपणे वाचून पाहा, सुटका पुढं पुढंच ढकलली जाते अन् चाल मात्र नाचायची आहे. भीतीचं गाणं बांधायचा याच्यापेक्षा पक्का साचा मला माहीत नाही. एकच ओळ परत परत, दरवेळी एक शब्द बदलायचा, अन् चाल जेवढी गोड ठेवाल तेवढं पोटात खोल जाते.

आता प्रत्यक्ष कामाचं. भाच्याला मी पहिले एक यादी दिली अन् म्हटलं हे शब्द गाण्यात दिसले तर वही चुलीत. अंधार, काळोख, मृत्यू, वेदना, रक्त, स्मशान, कवटी, सैतान. तो म्हणाला, "मामा, मग उरलं काय?" म्हटलं घर उरलं, वावर उरलं, ते लिही. दुसरं सांगितलं की एक पिक्चर दोनदा पाहायचा, एकदा आवाज बंद करून अन् एकदा डोळे बंद करून. डोळे बंद केल्यावर कळते की भेव अर्ध्याहून जास्त कानातून येते, दाराची कडी, थेंब, अन् मुख्य म्हणजे चालू असलेला आवाज अचानक थांबणं. जागलीवरही तेच, रातकिडे ओरडतात तोवर झोप लागते, ते गप्प झाले की माणूस उठून बॅटरी लावतो. तिसरं, प्रत्येक ओळ म्हणजे कॅमेऱ्याचा एक शॉट समजायचा. एका ओळीत एकच वस्तू.

अन् एक पथ्य आहे, ते मी त्याला जरा रागानंच सांगितलं. वहीत एका गाण्यात फास लिहिला होता. आमच्या भागात ती प्रतिमा नाही, ते कोणाचं तरी घर आहे, अन् मांडवात सतरंजीवर त्या घरची माणसं बसलेली असतात. बाहेरचे लोक येऊन त्याच्यावर कविता करून जातात, करू दे. आपण ते टाळ्यांसाठी वापरायचं नाही. त्यानं गपचूप ते पान फाडलं.

मग गाणं बांधायला बसलो. विषय त्यानंच काढला, मारबत. पोळ्याच्या संध्याकाळी दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, मेढे म्हणतो आम्ही, अन् दुसऱ्या दिवशी पहाटे ते उचलून सारं गाव आरडाओरडा करत शिवेवर नेऊन टाकते, रोगराई घेऊन जाय गे मारबत म्हणत. नागपुरात काळी-पिवळी मारबत, म्हणजे तिचे मोठे पुतळे, मिरवणूक काढून नेतात, गावात आपलं साधंच असते, पोट्टे डबे वाजवतात. गमतीचा दिवस. म्हणूनच बरा. भाच्यानं लिहिलं होतं, काळी मारबत रक्त पिते, डोळ्यातून आग ओकते. मी म्हटलं अबे, मारबत काय करते ते पाह्य ना, ती घेऊन जाते. तिला म्हटलं ते ती नेते. अन् तिनं चुकून जास्त नेलं तर?

तो चूप बसला. मग म्हणाला, लहान पोरगा पाहिजे गाण्यात. बरोबर पकडलं त्यानं. रात्री दोन वाजेपर्यंत बसलो अन् हे निघालं:

ढेकूण-डास घेऊन जाय गे मारबत
ताप-पडसं घेऊन जाय गे मारबत
माह्या मायचा खोकला घेऊन जाय गे मारबत

शिवेवर मेढा टाकून आलो
पाय धुऊन घरात गेलो
घरात खोकला नाही
चुलीत जाळ नाही
लुगडं दोरीवर, गिलास पाटावर

म्या तुले खोकला ने म्हटलं होतं गे मारबत
खोकलाच ने म्हटलं होतं

कुठून काय आलं ते सांगतो. पहिल्या तीन ओळी भुलाबाईच्या, एकच साचा अन् एक शब्द बदलत जाणारा, तिसऱ्या ओळीत गावाचं गाऱ्हाणं घरचं होते. पाय धुऊन घरात गेलो, ही ओळ भाचा काढून टाकत होता, म्हणे याच्यात काहीच नाही. मी ठेवायला लावली, काहीच नाही म्हणूनच, तेवढा वेळ ऐकणारा निर्धास्त राहते. घरात खोकला नाही, इथं आवाज थांबतो, रातकिडे गप्प. मग वस्तूंचे शॉट, माय दिसत नाही, भिंतीवरच्या सावलीसारखं तिचं सामान दिसते. मेली हा शब्द कुठंच नाही. अन् शेवटी पोरगा मारबतीला रागावते, कारण त्याला वाटते आपण नीट सांगितलं नाही म्हणून हे झालं. ते आम्ही कुठूनच घेतलं नाही, ते भाच्याचं स्वतःचं आहे, मी विचारलंही नाही कुठून आलं म्हणून.

चाल मुद्दाम डबे वाजवायचीच ठेवली, जलद. शेवटच्या दोन ओळींना फक्त डबा बंद.

दुसऱ्या दिवशी आजीला ऐकवलं, तिच बर्फवाली आजी. आता तिला कमी ऐकू येते, म्हणून भाच्यानं जवळ बसून म्हटलं. ती हसली नाही. पदरानं नाक पुसलं, जरा वेळ जात्याकडं पाहत राहिली अन् मग विचारलं, "गिलास कशाचा व्हता रे? पितळेचा?"

भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "मामा, पितळी टाकलं त मीटर तुटते."

म्हटलं तुटू दे, टाक.